साहेबांसमोर मुद्दा मांडताना: कारखान्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

दरवर्षी पावसाळ्यात आमच्या कारखान्यात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग झालेली नवी मुलं-मुली ट्रेनी म्हणून येतात. काम त्यांना लवकर जमतं. ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रोमीटर हातात बसतो, सहा महिन्यांत नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचं कळायला लागतं. गाडी अडते ती केबिनच्या दाराशी. स्वतः पाहिलेली, डोक्यात पक्की बसलेली गोष्ट साहेबांना सांगायची आणि होकार घेऊन बाहेर यायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. चांगली सूचना घेऊन आत गेलेला मुलगा "बघू" एवढा एकच शब्द घेऊन बाहेर येतो आणि पुन्हा काही सुचवायला जात नाही. हे बघताना मला दर वेळी वाईट वाटतं. सूचना बहुतेक वेळा खरी असते, ती सांगताना मरते.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, मेंटेनन्समध्ये माझी वीसेक वर्षं गेली. त्यामुळे उदाहरण तिथलंच घेतो आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. तुम्ही बँकेत असाल, लॅबमध्ये असाल किंवा सॉफ्टवेअरच्या टीममध्ये, शब्द बदलतील. क्रम हाच राहील.

मी कसं सांगितलं होतं

पहिलीच नोकरी, थर्ड शिफ्ट. पहाटे तीनला चहाची सुट्टी झाली, प्रेस थांबल्या आणि एरवी त्या गोंगाटात दबून जाणारा आवाज ऐकू आला. फुस्सऽऽ. सहा-सात ठिकाणांहून. मशीनना दाबाची हवा पुरवणारी लाइन गळत होती. बादलीत साबणाचं पाणी केलं, ब्रशने एकेका सांध्याला लावलं, तर जिथे गळत होतं तिथे भराभर फुगे आले. मशीन बंद होत्या, तरी कॉम्प्रेसर, म्हणजे लाइनमध्ये दाबाने हवा भरणारं मशीन, त्या भोकांसाठी हवा भरत बसला होता.

सकाळी उत्साहाने प्लँट हेडकडे गेलो आणि सांगायला लागलो:

"साहेब, काल मी थर्ड शिफ्टला होतो. तीनच्या चहाला लाइन थांबली ना, तेव्हा कसला तरी आवाज यायला लागला. आधी मला वाटलं ड्रायरचा असेल. मग ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, हे नेहमीचंच आहे. मग मी स्टोअरमधून साबण मागायला गेलो, तर तिथे कुणी नव्हतं..."

इथवर आलो आणि फोन वाजला. कस्टमरकडे जाणारी गाडी गेटवर अडकली होती. साहेब "हां, बघू" म्हणाले आणि उठून गेले. पुढचे अडीच महिने त्या लाइनला कुणी हात लावला नाही.

मी सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता. पण साबणापर्यंत पोचलो तरी मला काय हवंय, पैसे किती लागतील, घाई आहे का, यातलं काहीच साहेबांना कळलं नव्हतं. मी ज्या क्रमाने पाहिलं त्याच क्रमाने सांगत होतो. ऐकणाऱ्याला तो उलटा लागतो: आधी काय हवंय, मग का हवंय, आणि कसं सापडलं ते त्याने विचारलं तरच.

आत जाण्याआधी एक चिठ्ठी लिहा

वहीचं पान नको. खिशात मावेल एवढा कागद घ्या आणि त्यावर एकच वाक्य लिहा: मला यांच्याकडून काय हवंय?

वाक्य सोपं वाटतं, पण लिहायला बसलं की कळतं की आपल्यालाच ठाऊक नाही. "एअर लाइनबद्दल बोलायचं होतं" हे मागणं झालं नाही. "गळती बंद करायला हवी" हेही नाही, कारण ती कुणी, कधी आणि कुणाच्या पैशांनी बंद करायची ते त्यात नाही. "दुरुस्तीला १८,००० रुपयांची मंजुरी हवी" हे मागणं आहे. साहेब त्याला हो म्हणू शकतात किंवा नाही म्हणू शकतात. ज्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही, त्याला माणूस "बघू" म्हणतो.

कधीकधी तुम्हाला मंजुरी नको असते. दोन पर्यायांतला एक निवडून हवा असतो, किंवा दुसऱ्या डिपार्टमेंटचा माणूस दोन तासांसाठी हवा असतो, किंवा फक्त कानावर घालायचं असतं. तसं असेल तर तसंच सांगा. "साहेब, तुम्हाला काही करायचं नाहीये, फक्त माहीत असावं म्हणून सांगतो" या एका वाक्याने समोरचा निवांत होतो आणि नीट ऐकतो. नाहीतर पूर्ण वेळ त्याचं मन "हा आता काय मागणार" याकडे असतं.

वाक्य लिहिता येत नसेल तर केबिनमध्ये जाऊ नका. अजून तयारी झालेली नाही.

आकडा स्वतः मोजून आणा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पटवण्याचं निम्मं काम इथेच होतं आणि नवी मुलं नेमकी हीच पायरी वगळतात. "खूप गळतंय", "बरीच वीज जाते" हे शब्द साहेब दिवसातून दहा जणांकडून ऐकतात. प्रत्येकाचं "खूप" वेगळं असतं.

गळतीचा आकडा काढायला महागडं उपकरण लागत नाही. रविवारी मशीन बंद असताना, युटिलिटीवाल्यांना विचारून कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. हवा कुणी वापरत नाही, तरी गळतीमुळे प्रेशर उतरतं आणि कॉम्प्रेसर लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो. प्रेशर भरलं की अनलोड होतो, म्हणजे हवा भरायची थांबवतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन्हीचे सेकंद मोजायचे, आठ-दहा फेऱ्या घ्यायच्या आणि सरासरी काढायची.

समजा लोड ३० सेकंद आणि अनलोड १७० सेकंद आले. एकूण २०० सेकंदांतले ३०, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या १५ टक्के हवा गळतीतच जाते. कॉम्प्रेसर ३७ किलोवॉटचा, म्हणजे ५० एचपीचा असेल, तर त्यातले साधारण साडेपाच किलोवॉट वाया जातात. तीन शिफ्ट, महिन्याचे २५ दिवस धरले तर ६०० तास. झाले ३,३०० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर महिन्याला २९,७०० रुपये.

मुलं हा आकडा घेऊन धावत सुटतात. अजून पाच मिनिटं थांबा. दुरुस्तीनंतर गळती शून्य होत नाही, जुन्या लाइनवर तर नाहीच. साहेबांनी वीस वर्षं कारखाना चालवलाय, त्यांना हे ठाऊक आहे. तुम्ही "तीस हजार वाचतील" म्हणालात की ते मनातल्या मनात तुमचा आकडा कापणार, आणि किती कापायचा ते त्यांच्या मर्जीवर. त्याऐवजी तुम्हीच कापा: "निम्मी गळती थांबली तरी महिन्याला पंधरा हजार वाचतात, म्हणजे सव्वा महिन्यात खर्च निघतो." आता कापायला काही उरलं नाही. स्वतःच्या बाजूचा आकडा स्वतःच खाली आणणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात. पुढच्या वेळी तो काही सांगायला आला की लवकर ऐकतात. ही कमाई त्या पंधरा हजारांपेक्षा मोठी आहे.

आकडा मोजलेला आहे की अंदाजाचा, तेही सांगा. "मोजलंय" आणि "अंदाज आहे" हे दोन शब्द कधी मिसळू देऊ नका.

क्रम: विषय आधी

आपल्याकडे शाळेत निबंधाला प्रस्तावना लागायची. आधी पार्श्वभूमी, मग मुद्दे, मग समारोप. ते वळण हाताला बसलेलं असतं. पण त्याच शाळेने आपल्याला अर्ज लिहायलाही शिकवलं आणि अर्जात सगळ्यात वर काय असतं? "विषय:". शुल्कमाफी मिळण्याबाबत. दाखला मिळण्याबाबत. वाचणाऱ्या बाबूला त्या एका ओळीत कळतं की कागद कुठल्या टेबलावर जाणार. पुढे "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" सुरू झालं की तो अर्ज पुन्हा हरवतो, ही गोष्ट वेगळी. म्हणजे योग्य पद्धत आपल्याला शाळेपासून माहीत आहे. केबिनमध्ये शिरताना आपण निबंध घेऊन जातो, अर्ज न्यायला हवा.

क्रमाचं याहून मोठं उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर काय झालं, ते नानासाहेब पेशव्यांना एका सावकाराच्या पत्रातून कळलं, असं सांगतात. त्यातल्या सांकेतिक ओळी थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी दिलेल्या असतात: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य सैनिक आणि माणसं. पत्र वाटेत दुसऱ्याच्या हाती पडलं तरी कळू नये म्हणून भाषा सराफाची आहे, पण मला त्यातला क्रम दिसतो. पेशव्यांनी पहिली ओळ वाचून कागद खाली ठेवला असता, तरी त्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं ते कळलं असतं. पुढची प्रत्येक ओळ त्यात भर घालते. तुमचं सांगणंही असंच असावं: फोन कुठल्याही वाक्यानंतर वाजो, तोवर झालेलं बोलणं वाया जाऊ नये.

आता गळतीचीच गोष्ट पुन्हा सांगू:

"साहेब, एअर लाइनची गळती बंद करायला अठरा हजारांची मंजुरी हवी आहे. आत्ता त्यात महिन्याला साधारण तीस हजारांची वीज जाते, रविवारी मोजलंय. निम्मी थांबली तरी सव्वा महिन्यात पैसे निघतात. काम रविवारीच होईल, प्रॉडक्शन थांबणार नाही."

मोठ्याने वाचून बघा, वीस सेकंदही लागत नाहीत. साबण नाही, ड्रायर नाही, स्टोअर नाही. ते सगळं तयार ठेवा, कारण "कसं मोजलंस?" हा प्रश्न येईलच आणि तेव्हा सांगताना तुमचा उत्साह कामी येईल. न विचारलेलं सांगताना जे पाल्हाळ वाटतं, तेच विचारल्यावर सांगितलं की अभ्यास वाटतो.

समोरच्याची काळजी ओळखा

एकच गळती चार जणांना चार प्रकारे दिसते.

प्लँट हेडना रोजचा आकडा गाठायचा असतो. त्यांच्या मनातला पहिला प्रश्न "लाइन किती वेळ बंद ठेवणार?" हा असतो. म्हणून वरच्या चार वाक्यांत रविवार आहे. अकाउंट्सच्या मॅडमना पैसे कधी परत येतात ते हवं असतं, शिवाय हा खर्च कुठल्या हेडला टाकायचा तेही. ते आधीच विचारून जा. परचेसवाल्यांना कोटेशन किती आणली आणि हाच व्हेंडर का, ते सांगावं लागतं. शिफ्ट सुपरवायझरला कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा आणि तो पुन्हा उघडायला रविवारी कोण येणार, याची चिंता असते.

ऑपरेटरला विसरू नका. प्रेशर उतरलं की क्लँप ढिला पडतो, पीस रिजेक्ट होतो आणि बोलणी तो खातो. "हे नेहमीचंच आहे" हे त्याचं वाक्य मी त्या रात्री कंटाळा समजून सोडून दिलं होतं. खरं तर ती माझ्या आधी कित्येक महिने दिलेली तक्रार होती. केबिनमध्ये गेल्यावर त्याचं नाव घ्या: "हे आधी अमुकदादांच्या लक्षात आलं होतं." यात तुमचं काही कमी होत नाही. सांगणारे दोघे झाले की गोष्टीला वजन येतं, आणि पुढच्या वेळी शॉपफ्लोअरवरचं काही खरं सांगायचं असेल तर दादा तुमच्याकडेच येतील.

खोटं कुणालाच सांगायचं नाही. चौघांना सांगितलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्या जुळल्या पाहिजेत. बदलतं ते एवढंच, की कोणाला कुठलं वाक्य आधी सांगायचं.

येणारे तीन प्रश्न

जवळजवळ प्रत्येक नव्या सूचनेला हे तीन प्रश्न येतात, म्हणून उत्तरं घरूनच घेऊन जा.

"आजवर चाललंच ना?" हा पहिला आणि सगळ्यात अवघड. याला वाद घालून उत्तर देऊ नका. तो प्रश्न विचारणाऱ्यानेच ती लाइन टाकून घेतलेली असू शकते. "हो साहेब, चाललंय. चालवायला महिन्याला तीस हजार लागतायत, एवढंच दिसलं" असं म्हणा. कुणाचीही चूक न काढता, काही न करण्याचा खर्च टेबलावर ठेवता येतो.

"बजेट नाही." मग लहान तुकडा मागा. "सहा जागांपैकी दोन मोठ्या आहेत. त्या आधी करू, पाच हजारांत होतील. पुढच्या रविवारी पुन्हा मोजून दाखवतो." लहान कामाला लवकर होकार मिळतो आणि मोजून दाखवलेल्या कामाचा पुढचा तुकडा फारसा अडत नाही.

"आधी कुणी केलंय का?" शेजारच्या युनिटमध्ये, सिस्टर प्लँटमध्ये कुणी केलं असेल तर एक फोन करून ठेवा. केलं नसेल तर सरळ नाही म्हणा.

वेगळं मत सांगायचं असेल तर

वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला विरोध करताना आपली जीभ जड होते. त्यावर दोन चुकीचे उपाय निघतात. एक म्हणजे गप्प बसणं. दुसरा म्हणजे "साहेब, तुमचं बरोबर आहे, पण..." हे वाक्य. त्यातला "पण" येताच आधीचं सगळं पुसलं जातं, हे दोघांनाही कळतं.

साहेबांना काय सांभाळायचंय ते आधी स्वतःच्या तोंडाने म्हणा, मग त्याला धरूनच आपलं मत सांगा: "साहेब, शनिवारचा डिस्पॅच जायलाच हवा. म्हणूनच आज दोन तास मशीन घेऊ द्या असं म्हणतोय. ते बेअरिंग शुक्रवारी गेलं तर आठ तास जातील." आणि हे शक्यतो एकट्यात सांगा. दहा जणांच्या मीटिंगमध्ये माघार घेणं कुणालाही जड जातं, दारात उभं राहून दोघांत बोलताना तेवढं जात नाही.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा हा काटा मला माहीत आहे. मीटिंग इंग्रजीत सुरू झाली की ती गप्प होतात. उपाय एकच सांगतो, अनेकांना तो लागू पडलाय. चिठ्ठीवरचं वाक्य आधी मराठीत लिहा आणि मराठीत लहान करा. मग इंग्रजीत आणा. विचार मराठीत नेटका झाला की इंग्रजीची वाक्यं आपोआप लहान होतात आणि लहान वाक्यात चुकायला जागाच कमी असते. मोठे शब्द पाठ करू नका. कारखान्यात मशीन, लोड, अनलोड, लीकेज, कॉस्ट, संडे एवढ्या शब्दांत ही पूर्ण गोष्ट सांगून होते.

साहेब मराठी असतील तर मराठीत बोला. इंग्रजी बोलल्याने मुद्दा मोठा होत नाही.

मेल लिहिताना

साहेब मेल बहुतेक वेळा मोबाइलवर, चालता चालता वाचतात. त्यांना दिसतो विषय आणि खालच्या दोन ओळी. सगळं महत्त्वाचं तेवढ्यात बसायला हवं.

माझ्याकडे येणाऱ्या मेलचा विषय बऱ्याचदा "रिगार्डिंग एअर लाइन" एवढाच असतो. आत बारा ओळी, आणि शेवटी "प्लीज डू द नीडफुल". नेमकं काय करायचं ते मीच शोधायचं. असा मेल "नंतर वाचू" म्हणून बाजूला पडतो आणि नंतर कुणी वाचत नाही.

त्याऐवजी विषय असा लिहा: "मंजुरी हवी: एअर लाइन दुरुस्ती, १८,००० रु., शुक्रवारपर्यंत". आत:

"साहेब, लाइन २ च्या हवेच्या गळतीत महिन्याला साधारण ३०,००० रुपयांची वीज जाते (रविवारचं मोजमाप सोबत जोडलंय). दुरुस्तीला १८,००० रु. लागतील. निम्मी गळती थांबली तरी सव्वा महिन्यात खर्च वसूल. शुक्रवारपर्यंत मंजुरी मिळाली तर या रविवारी काम होईल, नाहीतर पुढच्या महिन्यातच, कारण मधले रविवार प्रॉडक्शन आहे. आपण 'ओके' कळवलं तरी पुरेल."

तारखेला कारण दिलंय ते बघा. नुसतं "अर्जंट" लिहिलं तर ती तुमची घाई, कारण लिहिलं की ती कामाची घाई होते. आणि उत्तर एका शब्दात देता येईल अशी सोय शेवटच्या ओळीत केली आहे.

सीसीमध्ये साहेबांचे साहेब घालू नका. तक्रार केल्यासारखं होतं आणि काम तिथेच बसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मंजुरी मागू नका. तिथे अंगठे येतात, जबाबदारी कुणी घेत नाही.

विषय मोठा असेल, म्हणजे मशीनच बदलायचं असेल किंवा तेच रिजेक्शन पुन्हा पुन्हा येत असेल, तर मेल पुरत नाही. टोयोटाकडून आलेली ए-३ ची पद्धत आता आपल्याकडच्या अनेक ऑटो कारखान्यांत रुळली आहे. ४२० बाय २९७ मिलिमीटरचा एकच कागद. डाव्या बाजूला आत्ता काय चाललंय, कुठे जायचंय आणि मूळ कारण काय. उजव्या बाजूला उपाय, कोण कधी करणार आणि झालं की नाही ते कसं तपासणार. कागद संपला की लिहिणं संपलं. ही मर्यादा फार चांगली शिक्षक आहे. काय गाळायचं ते ती शिकवते.

गाळताना काय गाळू नये

थोडक्यात सांगायचं म्हणजे गैरसोयीची ओळ लहान अक्षरांत तळाला ढकलायची, असा अर्थ काही जण काढतात. तो किती महाग पडू शकतो ते सांगतो.

१६ जानेवारी २००३ ला नासाचं कोलंबिया यान उडालं. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असताना अभियंत्यांनी या धडकेचा अभ्यास केला आणि तो स्लाइडवर मांडून वरिष्ठांना दाखवला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचणाऱ्याला धीर देणारा होता. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे. आणि अगदी तळाशी, लहान अक्षरांत, हे: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १,९२० घन इंच आणि ज्या चाचण्यांवर भरवसा होता त्यांतल्या तुकड्याचं ३ घन इंच. ६४० पट. म्हणजे हाताशी असलेल्या चाचण्या या धडकेबद्दल फारसं काही सांगूच शकत नव्हत्या. त्या स्लाइडचा मथळा हाच व्हायला हवा होता.

१ फेब्रुवारी २००३ ला परत येताना यान तुटलं आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताची कारणं अनेक होती, एका स्लाइडवर ती ढकलता येणार नाहीत. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात ही स्लाइड मुद्दाम छापली. ती वाचून एखाद्या वरिष्ठाला विषय जिवावरचा आहे हे कळलंच नसेल, तर ते समजण्यासारखं आहे, असं त्यांनी नोंदवलं.

म्हणून लहान करताना मी एक कसोटी लावतो. या कागदातली कुठली ओळ वाचून साहेबांचा निर्णय बदलेल? ती सगळ्यात वर. ती ओळ तुमच्या मागणीच्या विरोधात जाणारी असली तरी वर. "गार्ड काढून मशीन चालतंय", "केबल उघडी आहे", "टेस्ट झालेली नाही" अशी वाक्यं कधीही तिसऱ्या परिच्छेदात नसावीत. सुरक्षेचं वाक्य मऊ करून सांगू नका. "थोडा इश्यू आहे" म्हणू नका. "हात जाऊ शकतो" म्हणा.

वाईट बातमीलाही हाच नियम. पीस चुकले, माल परत आला, तारीख हुकली, तर पहिल्या वाक्यात तेच, दुसऱ्यात आत्ता काय केलंय, तिसऱ्यात तुमच्याकडून काय हवंय. "साहेब, कालच्या लॉटमधले ४० पीस अंडरसाइज गेलेत. उरलेला लॉट थांबवलाय, तपासणी चालू आहे. कस्टमरच्या क्वालिटीला तुम्ही फोन करावा असं वाटतं, अर्ध्या तासात." कुणी चूक केली ते संध्याकाळी बोलता येतं.

"बघू" म्हणाले तर

एवढं करूनही कधी "बघू" येणारच. त्याला नकार समजू नका आणि होकारही समजू नका. तिथेच, दार उघडण्याआधी, नम्रपणे एक प्रश्न विचारा: "साहेब, कधी विचारू?" बहुतेक साहेब एखादा वार सांगतात. तो वार त्याच चिठ्ठीवर लिहा आणि त्या दिवशी नक्की जा. दोन दिवस आधी नको, आठवड्याने नको.

होकार मिळाला तर पुढच्या रविवारी पुन्हा कॉम्प्रेसरजवळ उभे राहा, स्टॉपवॉच काढा आणि आठ-दहा फेऱ्या मोजा. आकडा तुम्ही सांगितला होता त्यापेक्षा कमी आला, तरी तोच घेऊन केबिनमध्ये जा.